पाहुणीची मुदत

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सरकारने त्याचा कायदा केलेला नाही, पण कायद्याहून तो अधिक कसोशीने पाळला जातो. आमच्या सीमाभागात या रिवाजाला आणखी एक पदर आहे. चंदगड-गडहिंग्लजला दिलेली बेळगाव-खानापूरची लेक सातव्या महिन्यात माहेरी येते. नाही तर दवाखाने चांगले म्हणून चंदगडची सूनच सासूचा हात धरून बेळगावला येते. बाळ जन्मते कर्नाटकात आणि वाढते महाराष्ट्रात. पाच-सहा वर्षांनी शाळेत नाव घालायची वेळ आली, की ट्रंकेतून दाखला निघतो. तो कन्नडमध्ये असतो, आणि तो वाचून घेण्यासाठी मंडळी माझ्यासारख्या मास्तराकडे येतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरात 'जन्मस्थळ' असा एक रकाना असतो. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी तो हजारो वेळा भरला असेन. गाव, तालुका, जिल्हा, राज्य. पालकांना तो नुसता रकाना वाटतो. पुढे रहिवासाचा दाखला काढताना, नोकरीच्या अर्जाच्या वेळी, त्या एका ओळीचे वजन कळते. मूल कोणत्या बाजूला जन्मले हे त्याच्या आईच्या कळा कुठे सुरू झाल्या यावर ठरलेले असते. पण कागद मात्र जन्मभर त्याच्याबरोबर चालतो.

हे सारे एकाच देशातले. रेषा जेव्हा दोन देशांमधली असते, तेव्हा काय होते ते मला २०१९ साली बडोद्यात जवळून पाहायला मिळाले.

माझी धाकटी बहीण बडोद्याला दिली आहे. दांडिया बाजारातले जुने मराठी घर. गायकवाडांच्या चाकरीत कोणी एक पूर्वज तिकडे गेले आणि तिथलेच झाले. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये गुजरातेत गेले. घरात मराठी, दारात गुजराती, कागद गुजराती-इंग्रजी, असे तिथल्या मराठी माणसाचे जगणे. आम्हां सीमाभागातल्या लोकांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथे गेलो की मला परक्या गावी आल्यासारखे कधी वाटत नाही, ते यामुळेच.

बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीनिमित्त मॉरिशसला गेला आणि त्याने तिथलीच मराठी मुलगी केली. होय, मराठीच. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे मजुरीच्या करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांचे हे वंशज. आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकता येते. आमची भाचेसून त्या मजुरांच्या पाचव्या पिढीतली. तिचे मराठी जरा जुन्या वळणाचे, मधूनच क्रिओलच्या हेलाचे. बहीण म्हणते, "दादा, हिचं मराठी ऐकलं की आपली आजी आठवते."

लग्न २०१८ मध्ये तिकडेच झाले. पुढच्या वर्षी सासरचा गणपती पाहायला म्हणून दोघे १८ ऑगस्टला बडोद्याला आली. तिला सहावा महिना लागत होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत जायचे, बाळंतपण तिच्या आईकडे, हे सगळे ठरलेले. रिवाजाप्रमाणेच, फक्त माहेर समुद्रापलीकडे.

नवरात्राच्या चौथ्या माळेला रात्री तिला रक्तस्राव सुरू झाला. बडोद्याच्या नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत रस्ते भरलेले असतात. गरब्याच्या गर्दीतून वाट काढत तिला दवाखान्यात नेले. तपासणीत कळले की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "जिवाला आज धोका नाही. पण आता प्रवास नाही, जिना नाही, ओझे नाही. बाळंतपण इथेच." एरवीसुद्धा बहुतेक विमान कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर बहुधा घेतच नाहीत. इथे तर प्रश्नच मिटला.

मी दसऱ्याच्या सुटीत बडोद्याला गेलो तेव्हा घरातली भीती ओसरली होती. भाच्याची रजा संपली होती, तो परत गेला होता. सूनबाई पलंगावर पडून असे. शेजारच्या गुजराती बेन रोज काही ना काही घेऊन येत. पुढे लागणाऱ्या काटल्याच्या मसाल्यांची यादीही त्यांनी आतापासून करून ठेवली होती. बहिणीने दोहाळजेवण पलंगावरच केले. सगळे मार्गी लागल्यासारखे दिसत होते.

एका दुपारी सूनबाईने सहज विचारले, "मामा, माझ्या व्हिसाचं काही करावं लागेल का?" बहीण म्हणाली, "फेब्रुवारीपर्यंत आहे ना तो!" मी पासपोर्ट मागून घेतला. कागद दिसला की तो वाचायचा ही आम्हा मास्तरांची खोड. व्हिसाची मुदत खरोखरच फेब्रुवारीपर्यंत होती. पण खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: एका वेळचा मुक्काम नव्वद दिवसांहून अधिक नसावा. ऑगस्टच्या शिक्क्यापासून बोटांवर दिवस मोजले. मुक्काम संपत होता १५ नोव्हेंबरला. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती ११ डिसेंबर. मध्ये सव्वीस दिवसांची दरी.

ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत त्यांनी हा फरक नीट ध्यानात ठेवावा. व्हिसाची तारीख वेगळी आणि मुक्कामाची तारीख वेगळी. अमेरिकेतही तसेच आहे. तिथला व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी विमानतळावर उतरताना जी मुक्कामाची नोंद होते, आय-९४ म्हणतात ती, तिच्यावरची तारीख खरी. पर्यटक म्हणून गेलेल्याला ती बहुधा सहा महिन्यांची मिळते. ती संपण्याआधी कारण देऊन, डॉक्टरांचे पत्र आणि खर्चाची सोय दाखवून, मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. जाताना घेतलेल्या पर्यटक विम्यात बाळंतपणाचा खर्च बहुधा धरलेला नसतो, हेही आधी पाहून ठेवलेले बरे.

"पण आपल्या सुनेला आपल्याच घरात राहायला परवानगी कशाला?" बहिणीचा प्रश्न साधा होता आणि रास्तही होता. त्याचे उत्तर शोधताना मी नागरिकत्वाचा कायदा काढून वाचला, आणि खरी काळजी मला तिथे लागली.

आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. १ जुलै १९८७ पूर्वी भारताच्या भूमीवर जो जन्मला तो, काही मोजके अपवाद सोडता, भारतीय. आईबाप कोण हे विचारायचे कारण नव्हते. त्या तारखेपासून आईबापांपैकी एक जण तरी भारतीय हवा, असे झाले. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी आवळली. दोघेही भारतीय हवेत. एकच भारतीय असेल, तर दुसरा जन्माच्या वेळी 'अवैध स्थलांतरित' असता कामा नये. आणि अवैध स्थलांतरित कोण? कुंपणाखालून आलेला तर खराच. पण रीतसर पासपोर्टवर येऊन मुदतीनंतर राहिलेलाही त्याच व्याख्येत बसतो.

ती ओळ मी दोनदा वाचली. म्हणजे आमच्या घरात, दांडिया बाजारात, भारतीय बापाचे मूल जन्माला येणार. पण त्या दिवशी आईच्या पासपोर्टावरची मुदत उलटलेली असेल, तर त्या मुलाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागणार. पोटातल्या जिवाला ना व्हिसा ठाऊक, ना तारीख. तरी त्याचा देश आईच्या एका शिक्क्याला टांगलेला.

हे मी सूनबाईला सांगितले नाही. रक्तदाब मोजून घेणाऱ्या बाईला कलमे वाचून दाखवू नयेत, एवढे कळायला एम. ए. व्हावे लागत नाही. बहिणीला मात्र सांगितले. ती गप्प झाली, आणि मग उठून कपाटातून कागदांची पिशवी घेऊन आली.

परदेशी माणसाची ही कामे २०१८ पासून संगणकावरून होतात. गुजरातसाठी कार्यालय अहमदाबादला. पर्यटक म्हणून आलेल्याची मुदत सहसा वाढत नाही; आजारपण, इथल्या नागरिकाशी विवाह, अशा कारणांसाठी अपवाद होतो. आमच्याकडे दोन्ही कारणे होती, ती कागदावर आणायची होती. मग सुरू झाली जुळवाजुळव. पासपोर्ट, विवाहाचा दाखला, भाच्याच्या पासपोर्टाची प्रत, त्याचे हमीपत्र. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची वर्दी द्यायची असते, त्याचा 'फॉर्म सी'. "माझ्या सुनेला घरात ठेवलंय, हे पोलिसांना कळवायचं?" बहीण म्हणाली. तिच्या यजमानांनी सुदैवाने ती वर्दी ऑगस्टमध्येच दिली होती.

राहत्या जागेचा पुरावा म्हणून विजेचे बिल काढले, तर ते माझ्या बहिणीच्या आजेसासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली! मराठी घरांत हे सर्रास असते. माणूस जातो, पण बिल भरले जात असल्यामुळे त्याचे नाव राहते. मग घरपट्टीची पावती, वारसाची नोंद, आणि बहिणीच्या यजमानांचे प्रतिज्ञापत्र जोडले. १८ ऑक्टोबरला अर्ज गेला.

आठ दिवसांनी शंका आली. डॉक्टरांचे पत्र अपुरे होते. दवाखान्याने नेहमीच्या चिठ्ठीवर 'विश्रांती आवश्यक' एवढेच लिहिले होते. आता छापील कागदावर, नोंदणी क्रमांकासह, निदान, बाळंतपणाची अपेक्षित तारीख आणि 'विमानप्रवासास अयोग्य' हे शब्द, असे सारे हवे होते. धनत्रयोदशीच्या दिवशी बहिणीचे यजमान दवाखान्यात तासभर बसून ते पत्र घेऊन आले. लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी त्या पत्राची प्रतही पाटावर ठेवली होती, असे बहिणीने मला फोनवर सांगितले. मी तोवर शाळेत रुजू झालो होतो.

त्या दिवसांत मला बडोद्याजवळचेच एक प्रकरण सारखे आठवत होते. आणंद बडोद्याहून चाळीसेक किलोमीटर. तिथे २५ जुलै २००८ रोजी एका जपानी दांपत्यासाठी भारतीय स्त्रीच्या पोटी, म्हणजे सरोगसीने, एक मुलगी जन्मली. जन्माआधीच ते दांपत्य विभक्त झाले होते. बापाला मुलगी हवी होती, पण त्याच्या व्हिसाची मुदत संपली आणि त्याला जपानला परतावे लागले. मुलीची आजी तिकडून आली. नगरपालिकेने बापाच्या नावाने जन्मदाखला दिला. पण ती मुलगी भारताची की जपानची, तिला पासपोर्ट कोण देणार, हे कोणालाच सांगता येईना. 'बेबी मांजी' या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, सप्टेंबर २००८ मध्ये निकाल झाला आणि नोव्हेंबरमध्ये आजी नातीला घेऊन जपानला गेली. तीन-साडेतीन महिन्यांचे पोर, आणि तेवढ्यात ती एका कायद्याच्या अभ्यासाचा विषय होऊन बसली. दवाखान्याची खाट, दूध, आजीची मांडी, सगळे तिला होते. नव्हता तो फक्त देश.

आमचे प्रकरण इतके बिकट नव्हते, हे मी जाणून होतो. अर्ज मुदतीत केलेला होता, बाप भारतीय होता, विवाह नोंदलेला होता. तरीही १५ नोव्हेंबर ही तारीख मला शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज दिसे.

८ नोव्हेंबरला मुदतवाढ आली. साठ दिवसांची. बहिणीचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. वर्गावर मी फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला.

त्याच आठवड्यात विहीणबाई मॉरिशसहून आल्या, त्यासुद्धा पर्यटक म्हणूनच. माहेर लेकीकडे आले असे म्हणायचे. येताना त्यांनी एक जुना कागद आणला होता, लेकीला दाखवायला. पोर्ट लुईच्या बंदरात मजूर उतरले की त्यांची नोंद होई, प्रत्येकाला क्रमांक मिळे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे तिथे उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, आता जागतिक वारसास्थळ आहे. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसले तर पोलीस पकडत. विहीणबाईंच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांची ती नोंद होती. नाव, बापाचे नाव, गाव, उंची. गावाचे नाव इंग्रजाने असे काही लिहिले होते की ते कोणते, याचा उलगडा मलाही झाला नाही. सूनबाईने कागद पाहिला आणि म्हणाली, "त्यांना तिथं राहायला कागद लागला. मला इथं."

मी त्यावर काही बोललो नाही. कागद माणसाला नवा नाही, एवढेच मनात आले. खुद्द बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या परदेशवाऱ्या इंग्रजांना खुपत. १९०० साली लॉर्ड कर्झनने परिपत्रकच काढले, की संस्थानिकांनी परवानगीवाचून परदेशी जाऊ नये. राजाला परवानगी, मजुराला तिकीट.

२० नोव्हेंबरला शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. वार खाली असली की डॉक्टर पूर्ण दिवसांची वाट पाहत नाहीत. मूळ मुदत संपून पाच दिवस झाले होते. महानगरपालिकेचा दाखला झाला, त्यावरून पासपोर्ट झाला, आणि संक्रांतीच्या आधी बाळ-बाळंतीण मॉरिशसला गेली. उत्तरायणाचे पतंग मात्र त्यांना दिसले नाहीत, याची शेजारच्या बेनना फार चुटपुट लागली.

पुढे दोनच महिन्यांत करोनाने सगळ्या देशांच्या सीमा बंद झाल्या. ज्या गरोदर बायका परक्या देशांत मुदत संपत आलेल्या शिक्क्यांसह अडकल्या, त्यांची कल्पना आम्हाला वर्तमानपत्र न वाचताही करता येत होती. मे २०२० मध्ये 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुरू झाली, तेव्हा गरोदर स्त्रियांना आणि व्हिसा संपलेल्यांना आधी जागा दिल्या गेल्या. आपल्याकडे अडकलेल्या परदेशी लोकांच्या मुदतीही सरकारने वाढवल्या. संकटात का होईना, नियमाला माणूस दिसला.

एरवी जग उलट दिशेने चालले आहे. अमेरिकेत तिथे जन्मलेले मूल तिथले नागरिक, हे १८६८ च्या घटनादुरुस्तीपासूनचे आणि १८९८ च्या न्यायनिवाड्याने पक्के झालेले तत्त्व. पण केवळ तेवढ्यासाठी बाळंतपणाला येणाऱ्या स्त्रियांना पर्यटक व्हिसा देऊ नये, असा नियम त्यांनी जानेवारी २०२० मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये तर आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर मूल नागरिक नाही, असा अध्यक्षीय आदेश निघाला. त्या वर्षी न्यायालयांनी तो अडवून धरला. आपल्याकडेही परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे मोडीत काढून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला आहे. देशाने आपले दार राखावे, त्याबद्दल तक्रार नाही. उंबरा असल्याशिवाय घर नसते. पण दारात उभ्या असलेल्या बाईला कितवा महिना आहे, हेही एकदा पाहावे.

थोडे दिलाशाचेही सांगतो. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना 'ओसीआय' कार्ड, म्हणजे भारतात हवे तितके राहण्याची मुभा, देण्याचे मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले. आमच्या सूनबाईला विवाहाला दोन वर्षे झाल्यावर पत्नी म्हणून ते मिळालेच होते. आता विहीणबाईंनाही पणजोबांच्या नोंदीचा उपयोग झाला असावा. तो कागद त्यांनी पुन्हा बाहेर काढला आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. म्हणून मास्तर या नात्याने चार गोष्टी सांगून थांबतो. लेक-सून परदेशी असो की परदेशातून आपल्याकडे आलेली असो, व्हिसाची तारीख, मुक्कामाची तारीख आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख, या तिन्ही एकाच कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज मुदतीच्या महिनाभर तरी आधी करा. डॉक्टरांकडून चिठ्ठी नको, पत्र घ्या. मूल परदेशी जन्मले आणि ते भारतीय राहावे अशी इच्छा असेल, तर वर्षाच्या आत तिथल्या आपल्या वकिलातीत नोंद करा. आणि विजेचे बिल जित्या माणसाच्या नावावर करून घ्या.

ती मुलगी आता मॉरिशसच्या शाळेत जाते. मराठीचा तास आहे. मागच्या खेपेला फोनवर तिने मला मुळाक्षरे म्हणून दाखवली. 'ळ' स्वच्छ म्हणते. जन्म कुठला, असे तिच्या बाईंनी विचारले तेव्हा तिने 'दांडिया बाजार' असे सांगितले म्हणे. राज्य नाही, देश नाही. रकान्यात ते बसणार नाही, पण उत्तर बरोबर आहे.